गच्चीवरचं झाकण

"माणसानं लग्न होऊन घरात आल्यावर आधी भांडी ओळखावीत. हिनं आधी गच्ची ओळखली!"

कप्तानीण हे शेजारच्या शिंपिणीला सांगत होती, पण आवाज असा लावला होता की तो जिना चढून वर जावा, गच्चीत बसलेल्या सुनेच्या कानात शिरावा आणि उरलासुरला खाली बंदरावर पोचावा.

तक्रारीला कारण होतं. दुधाच्या मोठ्या पातेल्याचं झाकण जागेवर नव्हतं. तेही साधंसुधं झाकण नव्हे. जाड पत्र्याचं, गाडीच्या चाकाएवढं, मधे काळ्या लाकडाची मूठ. कप्तानाची जुनी बोट मोडीत निघाली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातून तेवढं एकच त्यानं घरी आणलं होतं. पुढे कप्तान गेला, पातेलंही बदललं, झाकण मात्र तेच राहिलं.

"मग गेलं कुठे?" शिंपिणीनं तोंडातली सुई काढून विचारलं.

"वर. पालथं घातलंय, मूठ विटांच्या फटीत, आणि त्याच्या डोक्यावर एक काळी डबी बसवलीय. डबीतून तार निघते ती संगणकात शिरते, आणि ही बाई संगणकापुढे. अंड्यांवर कोंबडी बसते ना, तशी."

"काय उबवतेय म्हणे?"

"आभाळ!"

शिंपीण हसली. कप्तानीण हसली नाही. खरं तर झाकणाचं दुःख झाकणापुरतंच होतं. पोटातलं दुखणं वेगळं होतं, आणि ते आल्यागेल्याला सांगण्यासारखं नव्हतं.

घर बंदराच्या तोंडावर, टेकडीच्या कडेला होतं. कप्तानानं ते तिथंच बांधलं, कारण बायकोला खिडकीतून बोट दिसली पाहिजे. खाडी ओलांडून माणसं पलीकडे नेणारी फेरीबोट त्यानं आयुष्यभर चालवली. धुकं पडलं की तो भोंगा द्यायचा आणि कान टवकारायचा. समोरच्या कड्यावरून आवाज परत यायला जेवढा वेळ, तेवढा कडा लांब. तेवढ्या अंदाजावर तो बोट वाळूच्या पट्ट्याला वळसा घालून आत आणायचा. खिडकीत बसलेली कप्तानीणही तोच भोंगा ऐकायची आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायची. आधण उकळायला आणि नवरा दारात यायला एकच गाठ पडायची.

त्याच्यामागे सुकाणू धाकट्या मुलानं धरलं. थोरला परगावी नोकरीला गेला होता, त्याला पाण्यात पाय बुडवायचीही भीती. धाकट्याच्या वेळेला भोंग्यावर भागेना, बोटीवर यंत्र आलं. आभाळातल्या उपग्रहांचं ऐकून ते पडद्यावर बोटीची खूण दाखवायचं. तू इथे आहेस. कशाला कान टवकारायचे?

आणि ह्या हिवाळ्याच्या तोंडी, ऐन सकाळी, धुक्यात, भरल्या बोटीसह धाकटा वाळूत रुतला.

माणसं सुखरूप उतरली, एका म्हाताऱ्याची टोपी तेवढी पाण्यात गेली. पण बंदर कचेरीनं परवाना काढून घेतला. धाकटा म्हणाला, "पडद्यावरची खूण थिजली. बोट पुढे चालली होती आणि खूण जागच्या जागी. मग पडदाच कोरा झाला." कचेरीनं यंत्र काढून कारखान्यात तपासायला धाडलं. तिथं ते शहाण्या मुलासारखं वागलं. पुन्हा तपासलं, पुन्हा शहाणं. मग उरलं काय? चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं, हेच. चौकशी लागली. ती विरुद्ध गेली असती तर धाकट्याला पुन्हा कधी सुकाणूला हात लावता आला नसता.

कप्तानिणीनं त्या दिवशी तो दारात आल्या आल्या एकच वाक्य टाकलं होतं. "तुझ्या बापाची बोट जन्मात कधी वाळूला लागली नाही."

धाकटा तेव्हापासून फारसं बोलतच नव्हता. गोदीवर जायचा, दुसऱ्यांच्या बोटींचे दोर धुवायचा, मुकाट्यानं जेवायचा.

आणि बोलत नव्हती ती त्याची बायको, ही सूनही. ती लग्नाआधी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. तिनं कुठल्याशा पेटीतून बोटभर लांबीची एक डबी काढली, संगणक काखोटीला मारला आणि गच्ची गाठली.

शिंपीण गेल्यावर कप्तानीण गुडघे धरत वर चढली. झाकण परत आणायचंच म्हणून निघाली होती.

"काय गं, हे काय मांडलंयस?"

सून उठून उभी राहिली. "आई, बसा ना."

"बसायला आले नाही. झाकण द्यायचं का नाही ते सांग."

"थोडे दिवस राहू द्या. जमिनीवरून, भिंतीवरून आपटून आलेल्या लाटा ह्या डबीतल्या अँटेनाला गोंधळात पाडतात. खाली पत्रा असला की त्या अडतात. घरातल्या दुसऱ्या कशाचाच पत्रा एवढा मोठा नाही."

"स्तुती करून झाकण मिळत नसतं. आणि हे यंत्र कसलं? बोटीवर होतं तसलंच ना?"

"काम तेच, पण रीत वेगळी. बोटीवरचं यंत्र नुसतं उत्तर देतं. नाही दिलं तर का नाही, ते कळत नाही."

"रुसलेल्या जावयासारखं."

सुनेला हसू आलं, तिनं ते गिळलं. "हो. आणि ही डबी स्वतः काहीच करत नाही. हवेतल्या रेडिओ लाटा उचलायच्या आणि संगणकात ओतायच्या, एवढंच. पुढचं निवडणं-टिपणं सगळं आतला प्रोग्रॅम करतो. रेडिओच प्रोग्रॅमचा बनलाय म्हणा. त्यामुळे मला आतलं सगळं उघडं दिसतं. सूर कुठला, गोंगाट कुठला."

"म्हणजे डबी पाणी भरणारी आणि मालकीण आत बसलेली."

"अगदी."

कप्तानिणीनं पडद्यात डोकावलं. हिरवट पाण्यासारखं काहीतरी खाली खाली सरकत होतं. बाजूला थोडे ठिपके लुकलुकत होते. "आणि ह्यावरून जागा कशी कळते? मला अडाण्याला कळेल असं सांग. नाही कळलं तर तुझी चूक."

सुनेनं थोडा विचार केला. "समजा, मामंजी धुक्यात आहेत. पण भोंगा त्यांचा नाही. चार बाजूंच्या चार कड्यांवर चार भोंगे आहेत. प्रत्येकाचा आवाज निराळा, ओळखीचा. सगळे एकाच क्षणी वाजतात. मग मामंजींच्या कानाला जो आधी ऐकू आला—"

"तो जवळ. जो रेंगाळत आला तो लांब." कप्तानीण म्हणाली. "चारही लांब-जवळ कळले की आपण कुठे ते कळलं. एवढंच? मग उपग्रह म्हणजे भोंगेच की."

"एवढंच. फक्त फार लांबचे. इथं पोचेपर्यंत आवाज इतका बारीक होतो की हवेतल्या गोंगाटाखाली बुडून जातो. प्रोग्रॅमला प्रत्येकाची चाल पाठ आहे म्हणून तो शोधून काढतो. पण मधेच कुणी मोठ्यानं बोंबललं, तर संपलं."

"आणि कोण बोंबलतंय?"

सुनेचा चेहरा उतरला. "कुणीच नाही. बसल्यापासून सगळं स्वच्छ ऐकू येतंय. बंदराचं तोंड इथून सरळ खाली आहे. तिथं काही बिघाड असता तर मला दिसायला हवा होता. हा बघा, ठिपका आपल्या घरावरच आहे."

"झालं तर! घर घरातच आहे, हे कळायला माझं झाकण गेलं!"

एवढं बोलून कप्तानीण खाली आली. झाकण आणायचं राहिलं. राहिलं की ठेवलं, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र नेहमीसारखी हाक मारली, "सूनबाई, आभाळ जेवायला वाढणार नाही. खाली ये आता." सून निमूट खाली आली, चुलीशी उभी राहिली, आणि कप्तानिणीनं आपला टीव्ही लावला.

टीव्हीचं कौतुक सांगायलाच हवं. टेकडीवर चित्र थरथरायचं, बातम्या सांगणारी बाई कधी दोन डोक्यांची दिसायची. मागच्या उन्हाळ्यात कप्तानिणीनं वीजवाल्याला बोलावून गच्चीच्या खांबावर अँटेनाला बूस्टर बसवून घेतला. टीव्हीचं बटण दाबलं की तोही चालू. तेव्हापासून चित्र आरशासारखं. शिंपीण मालिका बघायला इथंच यायची. दिवसा टीव्ही बंद; कामाच्या वेळी टीव्ही लावणाऱ्या बायका कप्तानिणीला ठाऊक होत्या आणि त्यांच्याबद्दलचं मतही तयार होतं. अपवाद एकच. धुकं पडलं की ती सकाळीच टीव्ही लावायची. धुकं कुठवर आहे, कधी निवळेल, ते त्यात सांगतात. भोंगा ऐकायचा काळ गेला होता. आता पोरगा पाण्यावर असताना आईनं बघायचं ते तेवढंच.

चौकशी दोन दिवसांवर आली आणि धुकं उतरलं. खिडकीतून बंदर नाहीसं झालं. धाकटा गोदीवर गेला होता. फेरीबोटीवर आता बदली माणूस होता, त्यानं धुकं बघून बोट सोडलीच नाही. तरी कप्तानिणीचा हात सवयीनं बटणाकडे गेला.

चित्र उमटलं आणि वरून किंकाळी आली.

मग जिन्यावर धपाधप पावलं. सून दारात उभी, केस विस्कटलेले. "आई, आत्ता काय लावलंत?"

"टीव्ही. का?"

"बंद करा. जरा... कृपा करून."

सुनेचा आवाज ऐकून कप्तानिणीनं मुकाट बंद केला. सून वर पळाली. थोड्या वेळानं हाक आली, "लावा!" लावला. "बंद!" बंद केला.

सून खाली आली. डोळे भरलेले, आणि तोंडावर कुलूप.

"काय झालं?"

"काही नाही, आई. वायर सैल होती."

कप्तानिणीनं तिला न्याहाळलं. "सूनबाई, मी शाळेची पायरी जेमतेम चढले, पण खोटं मला वासावरून कळतं. आनंदानं रडतेयस आणि भीतीनं गप्प आहेस. दोन्ही एकदम कशाला?"

सुनेची नजर गच्चीच्या जिन्याकडे गेली.

कप्तानिणीनं खिडकीतून हाक मारली, "शिंपीणबाई! सुई ठेव आणि इकडे ये. टीव्हीपाशी बस. मी लाव म्हटलं की लाव, बंद म्हटलं की बंद."

"आणि मालिका?"

"आज मालिका वर आहे."

कप्तानीण गुडघे न धरता जिना चढली, मागोमाग सून. गच्चीत धुकं इतकं दाट की खांबावरचा बूस्टर नुसता काळा डाग दिसत होता. पडद्यावर तेच हिरवट पाणी, तेच ठिपके. कप्तानीण सुनेच्या जागेवर बसली.

"लाव गं!"

पाण्याच्या मधोमध एक जाड, पांढरी, उकळती पट्टी उभी राहिली. ठिपके एकेक करत विझले. घरावरचा ठिपका थिजला, मग पुसला गेला.

"बंद!"

पट्टी गेली. थोड्या वेळानं ठिपके परत आले, भ्यालेली पाखरं वळचणीला येतात तसे.

"लाव!" कप्तानीण म्हणाली. "बंद! लाव!" ती थांबेना. शेवटी सुनेनंच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बूस्टरच ना?"

"हो. तो बिघडलाय. माइकपुढे लाउडस्पीकर ठेवला की शिट्टी बसते ना, तसा आपल्याच आवाजानं ओरडत राहतो. आपल्याला ऐकू येत नाही. पण नेमका उपग्रहांच्या सुरावर ओरडतोय, आणि घर बंदराच्या तोंडावर."

"संध्याकाळीही लावते मी."

"संध्याकाळी हवा स्वच्छ असते, सगळे डोळ्यांनी बोट आणतात. यंत्राकडे बघतो कोण? आणि मी तेव्हा खाली असते."

"मी बोलावते म्हणून." कप्तानीण म्हणाली. मग पुढचं तिचं तिलाच उमगलं आणि तिनं ते सावकाश, एकेक शब्द करून म्हटलं. "धुक्यात बाकीच्या बोटी निघत नाहीत. निघते ती फेरीबोट. आणि धुक्यातच मी सकाळी टीव्ही लावते. पोरगा नीट येतोय ना, म्हणून."

सून जवळ बसली. "आई, मी विचार केला होता. बूस्टर गुपचूप काढून टाकू. चौकशीत म्हणू, बाहेरून काहीतरी गोंगाट होता, आता नाही. तुमचं नाव कशाला—"

"आणि मानतील ते? काल होतं, आज नाही, कुणी पाहिलं नाही?"

सुनेनं खांबावरच्या बूस्टरकडे बघितलं.

"मानणार नाहीत. माझं नाक राहील आणि त्याचं सुकाणू जाईल." कप्तानीण उठली. "बूस्टरला हात लावायचा नाही. साहेबांना इथं बोलवायचं. माझ्या घरात, माझ्या बटणापाशी."

बंदर कचेरीचे साहेब भले होते. ऐकून घेतलं, भुवया उंचावल्या, पण आले. फेरीबोटीवर तेच यंत्र पुन्हा बसवलं, बोट बंदराच्या तोंडाशी उभी केली. तिच्यावर बदली माणूस, कचेरीचा एक कारकून आणि साक्षीला धाकटा. धाकट्याच्या हातात वॉकीटॉकी. दुसरी साहेबांच्या हातात, कप्तानिणीच्या बैठकीत. वर सून पडद्यापाशी. उंबऱ्यात शिंपीण, आणि तिच्या मागे अर्धी गल्ली. कप्तानिणीनं कुणाला हाकललं नाही.

"हे यंत्र कोणाचं, बाई?" साहेबांनी टीव्हीकडे बोट दाखवून विचारलं. लिहून घ्यायची त्यांची रीत होती.

"माझं. बूस्टर माझा, बटण माझं, बोटही माझंच. लिहा."

तिनं बटण दाबलं.

थोडा वेळ नुसती खरखर. मग धाकट्याचा आवाज, कोरडा, कामापुरता: "खूण हलत नाही." आणखी थोड्या वेळानं: "पडदा कोरा." वरून सून ओरडली, "पट्टी आली!"

तिनं बंद केलं. सगळे थांबले. खरखर. "दिसतंय," धाकटा म्हणाला. "आलं परत. आम्ही जिथं आहोत तिथंच."

"बंद-चालू आणखी एकदा करता येईल?" साहेब म्हणाले.

"हवं तितक्यांदा. गल्लीतल्या मागच्यांना ऐकू आलं नसेल."

पुन्हा केलं. त्यानंतर साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ह्यात चालवणाऱ्याचा काय दोष?" असं ते अर्धं स्वतःशी, अर्धं कारकुनाला सांगितल्यासारखं म्हणाले. "तुमच्या सुनेनं आम्हाला एकदा सगळ्या बंदरावर हे ऐकून दाखवावं. असे बूस्टर आणखीही असतील."

"तिला विचारा," कप्तानीण म्हणाली. "ती माझं ऐकत नाही."

साहेब निघण्याआधी तिनं हात पुढे केला. "ते जरा द्या इकडे." वॉकीटॉकीत कसं बोलायचं ते तिला ठाऊक होतं, कप्तानाशी कितीदा बोलली होती. कळ दाबली. खाली बोटीवर पोरगा वाट बघत होता.

"ऐकतोयस का रे?"

"ऐकतोय, आई."

"घरी ये. चहा ठेवते."

"येतो," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात कितीतरी दिवसांनी त्याचा मूळचा आवाज होता.

बूस्टर वीजवाल्यानं काढला. बातम्या सांगणारी बाई पुन्हा दोन डोक्यांची झाली. शिंपीण कुरकुरली, तर कप्तानीण म्हणाली, "एकीनं वाचावं, दुसरीनं श्वास घ्यावा. तुला काय त्याचं?" परवाना परत आला. बदली माणूस आपल्या जुन्या बोटीवर गेला.

पुढच्या धुक्याच्या सकाळी टीव्ही काळा होता. खिडकीपलीकडे काहीच नव्हतं, नुसता कापूस. कप्तानिणीनं दोन कप भरले आणि वर चढली. सून शाल गुंडाळून संगणकापुढे बसली होती.

"सगळे भोंगे ऐकू येतायत?"

"सगळे, आई. एकदम स्वच्छ."

खालून धुक्यातून फेरीबोटीचा भोंगा आला, सावध करायला देतात तो. कप्तानिणीनं मान कलती केली. समोरच्या कड्यावरून आवाज परतला. "वळसा घेतोय," ती म्हणाली.

सुनेनं चहा घेतला. कप्तानीण झाकणाशी वाकली. पत्र्यावर दवाचे थेंब साचले होते. काळ्या डबीला धक्का न लावता तिनं ते कडेकडेनं आपल्या हातानं निपटून काढले. मग सरळ उभी राहिली आणि शिंपिणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"सूनबाई, स्वयंपाकात तू कच्ची आहेस आणि कच्चीच राहणार. पण ह्या घरात बोलणारं माणूस होतं, ऐकणारं नव्हतं. दुधाला मला ताटली पुरते. झाकण वरच राहू दे."